चौदा टन आणि हिरालालची पाठ

हिरालालने कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि चार मजले खाली चौदा टनांचं यंत्र जमिनीवरून उचललं गेलं.

"काका! हात खाली!" गुंजन मॅडम ओरडल्या.

त्याने हात खाली घेतला. यंत्रही निमूट खाली बसलं.

पावर हाउसजवळच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या गच्चीवर एसीचं ते धूड चढवायचं होतं. क्रेन खाली रस्त्याकडेला. चालक बळीरामला गच्ची दिसत नसे. दिसायचा तो कठड्याशी उभा इशारेवाला. बावीस वर्षं तो इशारेवाला हिरालाल होता. आजपासून अभिनव, कारण अभिनवकडे सर्टिफिकेट होतं. हिरालालकडेही असतं, पण परीक्षेत विचारलं, थांबायचा इशारा कुणाचा मानायचा? उत्तर होतं, कुणाचाही. हिरालाल म्हणाला, "बळीराम माह्याशिवाय कोनाचंच आयकत नाही साहेब." साहेबांनी त्याला सहानुभूतीने नापास केलं.

सोमवारपासून त्याला स्टोअरमध्ये हातमोजे वाटायचे होते. आज यंत्राला दोर बांधून झाल्यावर त्याला गच्चीवर, कठड्यालगतच पण पिवळ्या फितीमागे उभं केलं होतं, एखाद्या पाहुण्यासारखं.

सकाळी त्याने बळीरामला समजावलं होतं, "बळी, आज त्या पोराचं आयकजो."

"कावून? त्याले मिशी तरी फुटली का?"

"सर्टिफिकेट आहे त्याच्याजवळ."

"मंग सर्टिफिकेटले म्हनाव, हात हालव."

एवढं बोलून बळीरामने कंपनीची वॉकीटॉकी डब्याच्या पिशवीत, पोळ्यांवर ठेवून दिली होती.

गुंजन मॅडम फितीजवळ आल्या. सुरक्षेचं सगळं त्यांच्याकडे. "काका, पुन्हा त्याने तुमच्याकडे बघून क्रेन चालवली, तर त्यालाही काढावं लागेल. मेरी मजबूरी समझो."

"मी कुठं इशारा करून राहिलो? घाम पुसून राहिलो."

"तो भी मत पोंछो."

हिरालालने दोन्ही हात खिशात घातले. घाम डोळ्यांत उतरू लागला. तो खूप थकला होता; पण नुसतं उभं राहून माणूस इतका थकतो, हे त्याला आजच कळत होतं.

यंत्र पुन्हा निघालं. तिसऱ्या मजल्यापाशी वारा आला आणि ते हवेतच वळायला लागलं. खाली दोर धरून उभे असलेले दोघे गडी फरफटले. इमारतीची दर्शनी काच यंत्रापासून दोन हातांवर राहिली.

"स्टॉप! बळीकाका, स्टॉप!" अभिनव वॉकीटॉकीत ओरडला. पोळ्यांनी ऐकलं असेल.

बळीराम हिरालालकडे बघत होता. खिशातून हात काढला तर बळीरामची नोकरी जाणार, नाही काढला तर काच फुटणार आणि नोकरीही जाणार. बळीरामच्या पोरीचं लग्न माघात होतं.

"अबे अभिनव!" हिरालाल ओरडला. "फेक तो हातातला बोलता डबा! कठड्याशी ये, हात आडवा कर. खांद्यापासून! बसमधल्या सासूले टाटा करून राहिला का?"

अभिनवने हात आडवा केला. बळीराम तरीही हिरालालकडेच बघत राहिला.

मग हिरालाल वळला. उचललेल्या बोजाकडे त्याने जन्मात पाठ केली नव्हती. समोर दूरवर कारखान्याच्या चिमण्या होत्या. त्यांच्याकडे बघत तो उभा राहिला.

मागे इंजिनाचा आवाज पडला. बोजा थांबला.

"बरं. वारा जाऊ दे. आता बोट वर, गोल फिरव. हळू." इंजिन घुमलं. "आता आत घे. अंगठा..."

तो पुढचं बोलायच्या आतच इंजिनाचा सूर बदलला. अभिनवने स्वतःच इशारा केला होता. बरोबर केला होता.

थोड्या वेळाने पायाखालची गच्ची जराशी हादरली. धूड जागेवर बसलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"झालं काका," गुंजन मॅडम म्हणाल्या. "आता फिरा इकडे."

"बळी माह्याकडं पाहून राहिला का?"

त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"नाही. अभिनवकडे."

मग हिरालाल वळला.