वरची बांधी

पास्टर कैलाश यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र होळीच्या सुमारास आलं होतं आणि आता पोळा होऊन गेला होता, धान गर्भात आला होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. त्यांनी फोन न करता मुद्दाम पत्र पाठवलं होतं. लिहिलं होतं, ‘फोनवर तुम्ही नुसतं हो, हो म्हणता आणि ठेवून देता. मला काहीच कळत नाही.’ हे खरं आहे.

भंडाऱ्यात चर्चच्या आवारात एक खोली रिकामी झाली होती. पूर्वेला खिडकी, भिंतीला लाकडी फळ्या. फळ्या पुस्तकांसाठी आहेत, हे त्यांनी खास लिहिलं होतं. रविवारी मुलांना थोडं शिकवावं, चर्चची जुनी पुस्तकं लावून द्यावीत, एवढंच काम. पुढे होतं, ‘खोली तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मारोतरावांना देऊ. ते सध्या पुतण्याच्या पडवीत झोपतात. पण आधी तुम्ही. घाई नाही.’

त्यातलं ‘घाई नाही’ तेवढं मी धरून बसलो.

माझी सगळी नोकरी भंडाऱ्यात, एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. लग्न झालं नाही. कुणी मला विचारलं नाही आणि कुणाला विचारावं एवढा धीर माझ्यात नव्हता. तरुणपणी वाचता वाचताच प्रभू येशूच्या मागे निघालो. ही बातमी गावात पोचली तेव्हा माझ्या मोठ्या भावाने, लिलाधरदादाने, माणूस गेल्यावर करतात तशी विहिरीवर जाऊन आंघोळ केली. त्यानंतर कित्येक वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी दादाला लकवा मारला. वहिनी आधीच गेली होती. त्यांची मुलगी टीना नागपूरला असते, नोकरी आहे, लहान मूल आहे. तिचा फोन आला, “काका, तुमी तं रिटायर आहा ना?” मी हो, हो म्हणालो, आणि लाखांदूरकडच्या आमच्या गावी परत आलो.

घर दोन खोल्यांचं, गावाच्या टोकाला. मागच्या दारातून निघालं की लगेच आमची बांधी लागते, म्हणजे चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घातलेलं धानाचं शेत. माझी पुस्तकं पोत्यांत भरून दादाच्या खाटेखाली ठेवली आहेत. ती बाहेर काढता येत नाहीत. पानं वाजली की दादाला चालत नाही.

रोज सकाळी डोळे उघडण्याआधी मी एक वाक्य म्हणतो. ‘प्रभू, आजचा दिवस तुझा आणि मीही तुझा.’ वाक्य चांगलं आहे, पण दादाच्या खाटेपर्यंत पोचेपर्यंतच टिकतं. टीनाने चाकांची खुर्ची पाठवली होती, ती उंबऱ्याला अडते. म्हणून दादाला उचलून मागच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवावं लागतं. त्याचा डावा हात माझ्या गळ्यावर ओल्या पोत्यासारखा पडतो आणि उजवा हात तो वरून आवळतो. माझा श्वास अडतो. दादाला ते कळत असावं.

“उचल ना बे, येसूच्या बैला,” तो म्हणतो. “काहून थांबला?”

“कंबर धरली, दादा.”

“तुही कंबर पुस्तकं उचलाची आहे. मानसं उचलाची नोहे.”

मग दिवसभर पाणी दे, पाठ खाजव, कूस बदल, माशा हाकल. दुपारी तो झोपला की मी मनाने भंडाऱ्याच्या त्या खोलीत जायचो. फळ्यांवर पुस्तकं लावायचो. वरच्या फळीवर काय ठेवावं, खालच्या फळीवर काय, हे ठरवायचो. लावून झालं की सगळी काढून पुन्हा लावायचो. सकाळी स्वतःला प्रभूच्या हाती द्यायचं आणि दुपारी परत मागून घ्यायचं, असं माझं चाललं होतं. पत्राला हो लिहिता येत नव्हतं, कारण दादाला उचलायला दुसरं कुणी नव्हतं. नाही लिहिलं तर खोली गेली असती आणि मला फक्त हे घर उरलं असतं. म्हणून काहीच लिहीत नव्हतो.

त्या वर्षी पोळ्यानंतर उघाड पडली. गावच्या तळ्याचं पाणी सोडलं. आमच्याकडे ते आधी वरच्या बांधीत येतं. तिथे घोटाभर झालं की धुऱ्याचं तोंड फोडून खालच्या बांधीत उतरवायचं, ही बापजाद्यांपासूनची रीत. वरची बांधी आमची आहे. खालची रेवताबाईंची. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच शेत पाहतात.

एका सकाळी दादाला खुर्चीत बसवून मी धुऱ्यावर गेलो, तर पलीकडे रेवताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“खेमराजभाऊ, तुमच्या बांधीत बेंडकं पोहून राहिले न् माह्या बांधीत भेगा पडल्या. तोंड काहून नाई फोडत?”

“दादा नाई म्हणतात.”

“दादा म्हणन तं विहिरीत उडी टाकान का? रोज सकाळी डोळे मिटून बसता तुमी. तुमचा देव असंच सांगते का, पाणी कोंडून ठेव म्हणून?”

“विचारून पाहतो,” मी म्हणालो.

“विचारा, विचारा. माह्या धानाले सांगतो मी, थांब म्हणा, भाऊ विचारून राहिले.”

मी परत येऊन दादाला विचारलं.

“राहू दे,” दादा म्हणाला. “पाऊस नाई आला तं? आपल्याले लागन.”

“आपल्या बांधीत घोट्याच्या वर झालं, दादा. उलट आपलाच धान सडन.”

“सडू दे. कोंडलेलं पाणी कामी पडते. लागन तवा राहीन.”

मी फावडं भिंतीला टेकवलं आणि आत गेलो. अशा वेळी स्वतःला सांगायची एक गोष्ट माझ्याजवळ नेहमी तयार असते. आपली इच्छा मारायची, मोठ्याचं ऐकायचं, हेच आपलं रोजचं शिष्यपण. जे गिळायला कठीण तेच प्रभूला हवं असणार. त्या दिवशीही मी हेच सांगितलं. पण रेवताबाईंच्या भेगा माझ्या सांगण्यात कुठे बसत नव्हत्या. मी गिळलं होतं आणि तहानेने त्यांचा धान मरत होता.

दुपारी दादा झोपल्यावर मी सवयीने मनातल्या मनात त्या खोलीत जायला निघालो. दार उघडलं, फळ्या दिसल्या, पण पुस्तकं लावायला हात उचलेना. ‘लागन तवा राहीन’ हेच कानात घुमत होतं. उठून डब्यातलं पत्र काढलं. इतके महिने मी त्यातली खिडकी वाचत होतो, फळ्या वाचत होतो. मारोतरावांच्या वाक्यावरून मात्र डोळे घसरून पुढे जायचे.

मारोतरावांना मी ओळखत होतो. चर्चमध्ये सतरंज्या घालायचं आणि घंटा वाजवायचं काम ते करत. छातीचा जुना खोकला होता. जवळजवळ सगळा पावसाळा ते पडवीत झोपले होते आणि भंडाऱ्यात एक कोरडी खोली कुलपात होती, मला कधी लागली तर असावी म्हणून.

मी पत्र घडी करून खिशात घातलं. दादा जागा होईपर्यंत थांबलो, कारण त्याच्या पाठीमागे करायचं नव्हतं. त्याला उचलून मागच्या दाराशी बसवलं, फावडं घेतलं आणि धुऱ्यावर गेलो. फावडं उचलण्याआधी एकदा मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यासमोर मी लहानपणापासून असाच आहे.

“काय करून राहिला बे?” तो ओरडला.

“तोंड फोडतो, दादा.”

“बंद कर! मी जिवंत आहो अजून.”

“आहा तुमी. रागवा मले. पन पानी जाऊ द्या.”

माती मऊ होती. पाणी आधी गढूळ, मग नितळ वाहू लागलं. दादा शिव्या देत होता. आमच्या वडिलांना, मला, माझ्या प्रभूलाही. मी चिखलाच्या पायांनी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तेव्हा तो एकदम हळू आवाजात म्हणाला, “चालता हो. तुह्या भंडाऱ्याले जा. मले नाई पायजे तू.”

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकायला टपलो होतो, हे मला ते ऐकल्यावर कळलं. आता मला कुणी दोष देऊ शकलं नसतं. टीनाला सांगता आलं असतं, तुझ्या बापानेच घालवलं. पिशवी भरायला किती वेळ लागणार! पोती नंतर मागवता आली असती. मी खरंच दारातून आत, खाटेखालच्या पोत्यांकडे पाहिलं.

ऊन गेलं होतं आणि डास यायला लागले होते. दादा खुर्चीत एका बाजूला कलला होता. त्याला आत न्यायची वेळ झाली होती.

“उचलतो,” मी म्हणालो.

“हात नोको लावू मले.”

मी वाकून तसाच थांबलो. माझ्या ओठांवर सकाळचं वाक्य आलं. ते म्हणताना मला काही शांत वगैरे वाटलं नाही. कंबर दुखत होती आणि राग येत होता. बऱ्याच वेळाने दादाचा उजवा हात वर आला. त्याने माझा गळा नेहमीपेक्षा जास्त आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर ‘मी आनंदाने’ असं लिहिलं आणि तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘खोली मारोतरावांना द्या. आजच द्या. मी येणार नाही. उत्तराला एवढा उशीर झाला, त्याची क्षमा मी मारोतरावांकडेही मागतो. मला इथे बरं वाटतं असं नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.’ ‘सध्या येणार नाही’ असं लिहायचा मोह झाला होता. तो शब्द घातला नाही.

रेवताबाई दुपारपर्यंत दादाजवळ बसायला तयार झाल्या. “बसतो मी इथं,” त्या म्हणाल्या. “मले शिव्या देईन तं मी बी देतो.”

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी चप्पल घातली तशी तो तिकडेच पाहत म्हणाला, “कुठी चालला?”

“लाखांदूरले. पत्र टाकाले.”

“भंडाऱ्याचं?”

“हो.”

“वापस येनार आहेस का?”

“दुपारच्या गाडीनं येतो.”

त्याने उजव्या हाताने चादर ओढून घेतली. मग म्हणाला, “येतानी तमाखू आन. मागच्या वक्ती आनली तशी सडकी नोको आनू.”

एसटीतून उतरल्यावर मी आधी तंबाखू घेतली. पुडी खिशात गेल्यावर पोस्टाकडे वळलो. पेटीजवळ कुणी नव्हतं. पाकीट अर्धं आत गेलं तरी मी ते बोटांनी धरून ठेवलं होतं. ती खिडकी, त्या फळ्या अजून दिसत होत्या. प्रभू, आजचा दिवस, एवढंच म्हटलं. पुढचं आठवेना.

मग बोटं सोडली, आणि पाकीट आत पडल्याचा आवाज आला.