पेवावरचं पहिलं पान

“‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ हे आधी खोडा,” प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. “ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुम्हाला नेमकं काय शोधायचंय, ते पहिल्या चार ओळींत सांगा, सर.”

मॅडम माझ्या मार्गदर्शक. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सव्वीस वर्षं मी सांगलीत कॉलेजच्या पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि उतारवयात मला पीएच.डी.ची हौस आली. विषय होता हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. घोडं पेंड खात होतं ते संशोधन आराखड्याच्या पहिल्या पानावर. मी देश खोडला आणि तिथे वेद घातले. पुढच्या खेपेला वेद खोडून आयुर्वेद घातला. वेशीपासून वाजतगाजत गेल्याशिवाय मला देवळात शिरता येत नाही, त्याला कोण काय करणार!

पेवांचं सगळं ज्ञान होतं आकाराम अण्णांकडे. चाळीस वर्षं पेवं खणण्यात आणि भरण्यात गेलेला माणूस. तिसरा मसुदा मी त्यांना मोठ्या ऐटीत वाचून दाखवला.

“लय भारी हाय,” ते म्हणाले. “पर ह्यात पेव कुठं हाय?”

“येईल पुढं.”

“आवं सर, हळद वर ठिवली की किडती. पेवात वरसानुवरसं किडत न्हाई. का न्हाई, ह्येच हुडकायचं हाय न्हवं? मग तेवढंच ल्ह्या की! आन् उद्या या. पेवाला कुठली माती चालती, दावतो तुमास्नी.”

“आधी आराखडा मंजूर होऊ दे, अण्णा. सगळं रीतसर करू.”

खरं तर मला राग आला होता. सातवी पास माणसाने मला प्रास्ताविक शिकवावं! त्या रागात आणखी चार मसुदे झाले, सात महिने गेले. शेवटी कंटाळून अण्णांचंच म्हणणं शुद्ध भाषेत करून वर टाकलं. मॅडमनी फोन करून शाबासकी दिली. आराखडा मंजूर झाला. ते वाक्य कुणाचं, हे मी त्यांना सांगितलं नाही, याची आज लाज वाटते.

पेढे घेऊन हरिपूरला गेलो. अण्णांच्या पत्नी हरणाबाई दारातच म्हणाल्या, “गेल्या म्हयन्यात उजवी बाजू गेली त्येंची. वाचा बी गेली. त्येच्या आदी रोज इचारायचं, सर आलं का म्हणून.”

अण्णा अंगणात खुर्चीवर होते. मला पाहून त्यांचे डोळे भरले. वाकून त्यांनी डाव्या हाताने मूठभर माती उचलली, चुरली, हुंगली, नकारार्थी मान हलवली आणि टाकून दिली. मग हरणाबाईंना खूण केली. त्यांनी आतून एक डबा आणला.

“पेवाची माती. तुमच्यासाठी ठिवलीया,” त्या म्हणाल्या आणि त्यातली माती अण्णांच्या तळव्यावर घातली.

अण्णांनी तो तळवा माझ्या नाकाजवळ धरला आणि आशेने माझ्याकडे बघत राहिले.

मी डोळे मिटून हुंगलं. अंगणातली माती उचलून तीही हुंगली. दोन्हींचा वास मला सारखाच आला.