अक्षर कुणाच्या हाताचं

त्या मंगळवारी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत धूर, घाम आणि ढोल. व्यासपीठावर हिरव्या शालूतल्या अक्षरमाई बसल्या होत्या. मुक्या लेकरांच्या हातून देवी लिहिते, ही त्यांची ख्याती पार अकलूजपर्यंत पोचली होती. पुढ्यात पितळी परात, परातीत पांढरंशुभ्र पीठ. माईंनी लेकराचं मनगट धरलं की त्याचं बोट पिठावर फिरू लागे, अक्षरं उमटत आणि त्यांचा सेवेकरी त्रिंबक ती माईकवर वाचून दाखवी.

"मुकं लेकरू म्हणजे काय?" माई गर्दीला विचारत होत्या. "सायलेंटवर टाकलेला मोबाइल! रेंज फुल्ल, बॅटरी फुल्ल, फक्त आवाज बंद. मी काय करते? देवीच्या टॉवरला जोडून देते!"

टाळ्यांनी पत्रे दणाणले. पहिल्या रांगेत आई राजनंदिनीच्या मांडीवर बसलेल्या आठ वर्षांच्या सोनमनं दोन्ही कान दाबून घेतले.

सोनम स्वमग्न होती. बोलत नव्हती. गोंगाट झाला की तिला अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं व्हायचं. पण ती दुःखी पोर नव्हती. राजनंदिनी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यातून दोऱ्याची रिकामी रिळं आणायची. ती रंगानं लावत सोनम तासन्‌तास बसायची आणि एखादी ओळ मनासारखी जमली की हात फडफडवत हसायची. विशेष शाळेतल्या दीक्षा मॅडमनी तिला चित्रांची कार्डं शिकवली होती. पाणी पाहिजे, पाण्याचं कार्ड. नको, तर फुलीचं कार्ड. अक्षरओळख अजून व्हायची होती.

पण नवऱ्याला, बिरुदेवला, लेकीच्या तोंडून 'पप्पा' ऐकायचं होतं. म्हणून तो दोघींना इथं घेऊन आला होता.

माईंनी सोनमचं मनगट पकडलं. सोनम मान वर करून छताचा पंखा बघत होती आणि खाली तिचं बोट पिठावर झरझर चाललं होतं. त्रिंबकनं वाचलं, "आईनं माझी वाचा घेतली. मी पोटात असताना ग्रहणात विळीवर बसली."

सगळं सभागृह एकदम राजनंदिनीकडं वळलं. मागून एक बाई म्हणाली, "बघा की, सख्खी आई!" कुणीतरी थू केलं. आणि बिरुदेव, तिचा नवरा, सगळ्यांसमोर ओरडला, "तू खाल्लीस व्हय माझ्या पोरीची वाचा? तू?"

त्या घडीला राजनंदिनीच मुकी झाली.

माईंनी उतारा सांगितला. शाळा बंद. कार्डं बंद. आईच्या हातचं खाणं बंद. गोंगाट अडवायला ती कानांवर लावायची ते हेडफोनही काढायचे. कान झाकले तर देवी शिरणार कुठून? रिळं तर साक्षात करणी. सासूबाई केराबाईंनी ती त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

मग घरात जे सुरू झालं ते राजनंदिनी जन्मात विसरणार नव्हती. सोनम रिळं शोधत खाटेखाली शिरायची, सापडली नाहीत की स्वतःच्या मनगटाचे चावे घ्यायची. पाणी हवं तर मागणार कशानं? सासूच्या हातचा घास थुंकायची. राजनंदिनी पुढं झाली की केराबाई आडव्या यायच्या. "तू लांब राहा, नंदे. तुझी सावली नको तिच्यावर."

एकदा लेकीच्या मनगटातून रक्त आलेलं पाहून राजनंदिनीनं सासूला बाजूला सारलं, पोरीला उचललं आणि थेट दीक्षा मॅडमचं घर गाठलं.

"ताई, मला एकच सांगा," सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "लिहिताना सोनम कुठं बघत होती?"

"पंख्याकडं."

"आणि माई?"

राजनंदिनी थबकली. "परातीत. डोळं फाडून."

"मग अक्षरं कुणाची? न बोलणारी काही मुलं स्वतः टाइप करतात, स्वतःच्या बोटानं, स्वतः बघून. ती त्यांची भाषा. पण दुसऱ्यानं मनगट धरलं की भाषा धरणाऱ्याची होते. सोनमला तर 'अ'सुद्धा येत नाही. आणि स्वमग्नता ग्रहणानं होत नाही, विळीनं होत नाही, आईच्या कुठल्याच चुकीनं होत नाही. तिचा मेंदू जन्मापासूनच वेगळ्या पद्धतीनं चालतो. चला, पोलिसांत तक्रार देऊ. जादूटोणाविरोधी कायदा आहे."

"देऊ की. पण आधी न्हाय." राजनंदिनीचे डोळे कोरडे होते. "माझी अब्रू माईकवर गेली, मॅडम. ती मला माईकवरच परत पाहिजे. त्याच हॉलमधे, त्याच लोकांम्होरं. सोनमला घेऊन जाते आणि विचारते त्या बाईला, आता डोळं बांधून लिहून दाव."

"सोनमला न्यायचं नाही." दीक्षा मॅडमचा आवाज कधी नव्हे तो चढला. "त्या ढोलात, त्या धुरात पुन्हा? सूड तुमचा आहे. त्यासाठी तिचा हात तुम्ही वापरलात, तर माईत आणि तुमच्यात फरक काय?"

राजनंदिनीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मांडीवर झोपलेल्या लेकीच्या मनगटावरची पट्टी तिनं पाहिली. "चुकलं," ती म्हणाली. पण आग विझली नाही. उलट आता ती धीरानं धुमसू लागली.

मायलेकी मॅडमकडंच राहिल्या, आणि वाट सापडली कारखान्यात. शेजारच्या मशीनवर बसम्मा बसायची. एकोणीस वर्षांची, सीमेपलीकडच्या गावातली. कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलेली. मराठी बोलायला सोलापुरात शिकली, पण मराठी अक्षर तिला वाचता येत नव्हतं. राजनंदिनीची हकीकत ऐकून तिनं पायाखालचं मशीन थांबवलं.

"अक्का, मी मुकी होते की," ती म्हणाली. "माझा हात धरू दे त्या बाईला."

बसम्माची आई गौराबाईही तयार झाली. सभेआधी दीक्षा मॅडम बसम्माची मोठी बहीण बनून त्रिंबकला भेटल्या. तो गोड बोलून सगळं काढून घेत होता. मॅडमनीही गोड बोलून दिलं: पोरगी लहानपणापासून मुकी, आई विहिरीत पडून गेली, तेव्हापासून धसकाच घेतलाय.

पुढच्या मंगळवारी सोनमला मॅडमच्या आईजवळ ठेवून राजनंदिनी डोक्यावर पदर ओढून मागच्या रांगेत बसली. बिरुदेव पुढंच होता, हात जोडून. दोन दिवस बायको-लेक घरी आल्या नव्हत्या. त्या परत कधी येतील, ते तो देवीला विचारायला आला होता.

बसम्मा परातीपुढं बसली. माईंनी मनगट धरलं. बसम्मानं हात फडक्यासारखा सैल सोडला आणि नजर भिंतीवर लावली. बोट फिरू लागलं. त्रिंबकचा गळा दाटून आला; त्याचा गळा वेळेवर दाटायचा.

"माझी आई विहिरीतून हाका मारते. ती तहानलेली आहे. तिला मुक्ती द्या."

बायका हुंदके देऊ लागल्या. माईंनी डोळे मिटून हात वर केले. "दिसली! मला ती माउली दिसली! ओलं पातळ, मोकळे केस..."

"कोरडं हाय की पातळ!" तिसऱ्या रांगेतून गौराबाई उभी राहिली. "अन् केस बी बांधल्यात!"

आणि मुक्या बसम्मानं माईंच्या हातातून मनगट सोडवून माईक ओढला. "नन्न अव्वा सत्तिल्ल!" ती आधी कन्नडमधे ओरडली, मग मराठीत म्हणाली, "माझी आई मेली नाही. ती काय, तिथं उभी आहे. मी मुकी नाही. आणि ह्या परातीत काय लिहिलंय ते मला वाचताच येत नाही. मला मराठी अक्षर येत नाही!"

ढोल थांबला.

माई सावरल्या. "परीक्षा! देवीची परीक्षा बघता? निर्वंश..."

"देवीची न्हाय, तुझी." राजनंदिनी डोक्यावरचा पदर मागं टाकून भर गर्दीतून व्यासपीठावर चढली. लोकांनी तिला ओळखलं. "मी सोनमची आई. ग्रहणात विळीवर बसली म्हणून तू ठरवलंस ती. ह्या पोरीचा हात पुन्हा धर, माई, पण तोंड भिंतीकडं कर. देवीला तुझं डोळं कशाला लागत्यात?"

"धरा की!" मागून आवाज आला. "धरा, धरा!" अख्खं सभागृह ओरडू लागलं. माईंनी नाइलाजानं तोंड फिरवलं. बसम्माचं बोट पिठात वेडंवाकडं फिरलं, कडेवर आपटलं, परातीबाहेर आलं. एक अक्षर लागलं नाही. दीक्षा मॅडमनी ती परात उचलून लोकांना दाखवली. "देवी नाही, टॉवर नाही. माई बघतात, माई ढकलतात, आणि त्रिंबक आधी विचारून ठेवतो तेच लिहितात. एवढीच करामत."

त्रिंबक मागच्या दारानं निघाला होता. कारखान्यातून आलेल्या बसम्माच्या मैत्रिणींनी त्याला तिथंच अडवलं. माईंनी राजनंदिनीपुढं हात जोडले. "बाई, माझ्याही पोटाला..."

"माझी पोर स्वतःचं मनगट फोडत होती," राजनंदिनी म्हणाली. "तुला माफी न्हाय. जे सांगायचं ते चौकीत सांग."

मग तिनं माईक नवऱ्यापुढं धरला. "बोला. त्या दिवशी बोललात तेवढ्याच मोठ्यानं."

बिरुदेव खाली बघत म्हणाला, "चुकलो."

"ऐकू न्हाय आलं मागं."

"चुकलो!" त्याचा आवाज फुटला. "हिनं कायबी केलं न्हाय. माझ्या पोरीची वाचा कुणीबी खाल्ली न्हाय."

राजनंदिनीला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. वाटलं. खूप बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. पण घरी परत ये म्हणून त्यानं विनवलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी शाळेत येऊन कार्डं शिका. पोर काय म्हणती ते तुमाला वाचता आलं की मग बघू."

दीक्षा मॅडमनी पोलिसांना फोन केला; ते येईपर्यंत कुणी हललं नाही. एक बाई घुटमळत पुढं आली. त्या दिवशी 'सख्खी आई' म्हणून बोट दाखवणारी हीच, हे राजनंदिनीनं ओळखलं. तिच्या पदराला धरून एक मुलगा उभा होता, कान दाबून.

"ताई, माझाबी असाच हाय," बाई रडत म्हणाली. "माई खोटी निघाली. आता मी कुणाकडं जाऊ?"

राजनंदिनीच्या जिभेवर जहर आलं होतं. तिनं मुलाकडं पाहिलं आणि ते गिळलं.

"आधी त्याला ह्या गोंगाटातून बाहेर ने," ती म्हणाली. "उद्या दीक्षा मॅडमच्या शाळेत ये, डॉक्टरला दाखव. बोलेल का, मला म्हाईत न्हाय. पण तो आत्ताबी सांगतोय की, कान दाबून सांगतोय. कुणी त्याच्या वतीनं चमत्कार दावाया लागलं तर एवढंच इचार: हात कुणाचा, डोळं कुणाचं? अन् उत्तर मिळंस्तोवर लेकराचा हात कुणाच्या हातात देऊ नको."