वाळुंजाचा अर्क

"रोजची काही औषधं?" नर्सनं विचारलं आणि माझ्या लेकीनं आईच्या फॉर्मवर झटक्यात लिहिलं, 'नाहीत.'

मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून. लेक औषधाच्या दुकानात बसते. वाळुंजाच्या झाडाची साल उकळून मी वर्षानुवर्षं अर्क काढतो, त्याला ती 'बाबांचा पालापाचोळा' म्हणते. तोंड उघडलं असतं तर चारचौघांत हसली असती. पण त्याच पालापाचोळ्यावर तिच्या आईचा सुजलेला गुडघा आठ महिने निभावला. सकाळी पाय टेकवताना ओरडणारी बाई जिना उतरायला लागली! सांधा मात्र पार झिजलेला, शेवटी ऑपरेशन ठरलं. तोवर दुखू नये म्हणून गेल्या आठवड्यात मी चमचे दुप्पट केले. कुणाला विचारणार? मीच शहाणा!

नर्सनं हिच्या हातात सुई टोचली. शीर हुकली, म्हणून सुई काढून कापूस दाबला. कापूस लाल झाला. दुसरा लावला, तोही भिजला.

"थांबेल," नर्स म्हणाली.

थांबेना. हिच्या दंडावर काळेनिळे डाग होते. आठवडाभर ते मी पाहत होतो. म्हटलं, आपटली असेल कुठंतरी. आता मला ते दुप्पट चमचे आठवले. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, हिचं स्ट्रेचर आत निघालं.

"थांबा!" मी दांडीच धरली. "ती औषध घेते. माझं."

"काहीतरीच काय, बाबा! पाणी आहे ते."

"पाणी असतं तर सूज उतरली असती का गं?"

डॉक्टर बाहेर आले. कशाची साल, किती, कधीपासून, सगळं खोदून विचारलं. मग कापूस पाहिला.

"ॲस्पिरिनच्याच कुळातलं आहे हे. औषधच आहे, आजोबा. आज कापलं असतं तर रक्त आवरणं कठीण होतं."

ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं. तोवर अर्काचा थेंबही नाही. दुखण्यावर एक साधी गोळी लिहून दिली, तिनं फारसं भागणार नाही असंही सांगितलं.

'औषधच आहे.' तीस वर्षं हे ऐकायला माझे कान आसुसले होते. लेक मान खाली घालून 'नाहीत' खोडत होती. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिनं माझी बाही ओढली. "अहो, मग उद्या सकाळी पाय टेकवताना काय देणार मला?"

मी नर्सच्या हातून कापूस घेतला आणि हिच्या हातावर दाबून धरला.