फळ्याकडे पाठ

उज्वलाचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बरोबर साडेचारला रोशनी दारात उभी राहिली. हातात भूमितीची वही.

"काका, पुढची खोली उघडता?"

"बाई नाहीत गं आता."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "माझी सिद्धता अर्धी राहिलीय."

ही १९९८ च्या जानेवारीतली गोष्ट. उज्वला, माझी बायको, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत दहावीला भूमिती शिकवायची. मी एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. शाळा सुटल्यावर ती आमच्या पुढच्या खोलीत सात-आठ मुलांचा वर्ग घ्यायची. त्या वर्गाला मुलं घाबरायची. उज्वला भिंतीवरच्या फळ्यावर आकृती काढायची, तीही मुद्दाम वाकडी. मग मुलाने फळ्याकडे पाठ करायची, खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं आणि सगळं तोंडी सिद्ध करायचं. आधी पक्ष, म्हणजे काय दिलंय. मग साध्य, म्हणजे काय दाखवायचंय. मग एकेक पायरी. उज्वला मागे वेताच्या खुर्चीत बसायची. पायरी कच्ची असली की ती पुढे वाकायची, खुर्ची करकरायची आणि मागून आवाज यायचा, "का?" वळून पाहिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

रोशनी पेठ तालुक्यातली. आईवडील दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला आणि ही नाशकात मुलींच्या वसतिगृहात. पहिल्या दिवशी तिने अख्खं प्रमेय पुस्तकातल्यासारखं घडाघडा म्हटलं. उज्वला म्हणाली, "छान. आता तुझी दुसरी ओळ काढून टाकली तर काय बिघडेल?" पोरगी रडायला लागली. पंधरा दिवस रोज रडली. सोळाव्या दिवशी रडता रडताच म्हणाली, "बाई, पन तुम्ही तरी कशावरून म्हनता?" त्या संध्याकाळी उज्वलाने आनंदाने शिरा केला होता.

मी खोली उघडली. रोशनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिचा आवाज ऐकू येत होता. मध्येच ती थांबली. मग म्हणाली, "कारण ते संगत कोन आहेत." पुन्हा थांबली. "नाही, थांबा. रेषा समांतर आहेत हे अजून दाखवलंच नाय मी."

घरात तिसरं कोणी नव्हतं. पण ती थांबायच्या आधी दर वेळी खुर्ची करकरत होती. मी दारातून डोकावलो. खुर्ची रिकामी होती.

रोशनी रोज येऊ लागली. आठव्या दिवशी मी विचारलं, "बाई बोलतात का गं तुझ्याशी?"

"विचारतात. सांगत काही नाय." ती अगदी सहज म्हणाली.

मला एकच गोष्ट हवी होती. उज्वलाने दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा मी जवळ नव्हतो. नर्सबाई म्हणाल्या, "शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं हो, पण मला कळलं नाही." तेवढं वाक्य घेऊन मी घरी आलो होतो. जेवताना, झोपताना, बसखाली आडवा पडून काम करताना डोक्यात तेच. तिने काय विचारलं?

मी रोशनीला म्हटलं, "माझं एवढं काम कर. बाईंना विचार."

"बाई उत्तर देत नाहीत, काका."

"मग तू सांग. तुला काय वाटतं? काय विचारलं असेल?"

मला बरं वाटेल असं काहीही तिला सांगता आलं असतं. पंधरा वर्षांची पोर, ती म्हणाली, "वाटण्यावर पायरी मांडता येत नाय. तुम्हीच उभे राहा."

मी उभा राहिलो. वय अठ्ठेचाळीस, दहावीला गणितात नापास झालेला माणूस, खिडकीकडे तोंड करून. रोशनी मागे फळ्यापाशी होती.

"पक्ष सांगा."

"ती तीन दिवस खाटेवर होती. सकाळी सव्वादहाला गेली. मी बाहेर होतो."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"चहाला."

"का?"

"भूक लागली म्हणून."

खुर्ची करकरली. मी वळणार होतो, पण वळलो नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची सायकल दिसत होती. मी तिच्यावर नजर ठेवली आणि म्हणालो, "चहाला नव्हतो. खाली स्कूटरपाशी उभा होतो. अर्धा तास. तिचा श्वास घरघरत होता, मला ते बघवेना. मी भ्यालो."

मग अगदी पाठीशी, हळू आवाजात,

"अहो, कुठे आहात?"

मी म्हणालो, "इथेच. खालीच होतो. इथेच होतो." तेच ते म्हणत राहिलो. बोलणं थांबलं तेव्हा वळलो. रोशनी दारात उभी होती, वही छातीशी धरून. "येते काका," म्हणाली आणि गेली.

मार्चमध्ये तिने परीक्षा दिली. आता दिंडोरीला एका शाळेत गणित शिकवते. तिच्या वर्गातली मुलंही फळ्याकडे पाठ करून उभी राहतात म्हणे, आणि रडतात. परवा, नऊ वर्षांनी, ती भेटायला आली. मी म्हटलं, "त्या दिवशी तू बाईंच्या आवाजात विचारलंस, फार मोठं काम केलंस. कसं सुचलं तुला?"

तिने कप खाली ठेवला. "काय विचारलं मी?"

मी सांगितलं.

"काका, मी 'का' विचारलं, बस. तुम्ही स्कूटरचं बोलायला लागलात, तेव्हा मला तिथं थांबणं बरं वाटेना. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. तुमचं बोलणं थांबल्यावर परत आत आले."

"मग कोण बोललं?"

"मी खोलीत नव्हते. मला कसं सांगता येईल?"

उज्वला असती तर तिने शिरा केला असता.

घड्याळात साडेचार वाजले होते. आम्ही दोघं उठलो आणि पुढच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो. काय मांडायचं ते ठरलं नव्हतं. मी म्हटलं, "पक्ष."

मागे खुर्ची करकरली. आमच्यापैकी कोणी वळलं नाही.