उंबऱ्यावरची फळी

“किल्ली फिरवलीस की लगेच निघायचं नाही, अम्मा. समोरचा पिवळा दिवा विझू दे. तो विझला नाही, तर साक्षात मुरुगन येऊन चल म्हणाला तरी गाडी हलवायची नाही.”

आरोक्यराज अण्णांनी गाडी माझ्या ताब्यात दिली तेव्हाचे हे शब्द. अण्णा शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधतात. कोईमतुरात त्यांच्या हाताचं जेवढं नाव, तेवढंच तोंडाचं. माझे पाय लहानपणीच्या तापात गेले, म्हणून त्यांनी पायांचं काम हातांकडे आणून दिलं. स्टिअरिंगच्या मागे एक कडं, ते दाबलं की वेग. डावीकडे एक दांडा, तो ढकलला की ब्रेक. कड्याचा निरोप इंजिनाला पोचवायचा तर गाडीचा संगणक थोडा शिकवावा लागतो. तो चपटा डबा त्यांनी मूळ जागेवरून काढून माझ्या शेजारच्या सीटखाली बसवला आणि त्यात माझ्या बोटांच्या जोराचा हिशेब भरला.

सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. त्यात या दुसऱ्या दिव्याची भर पडली. एक लावायचा, एक विझेपर्यंत थांबायचं.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी पिवळा दिवा विझला नाही. मी थांबले. पुन्हा किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं खोकलं आणि गप्प झालं.

आमचं घर नारळीच्या बागेच्या टोकाला. हमरस्त्यापर्यंत वाळूची वाट आहे, खुर्चीची चाकं तिच्यात रुततात. त्याआधी घराचा उंबरा. तो उंच, म्हणून त्यावर एक फणसाची फळी टाकलेली असायची. तिच्यावरून मी खुर्ची ढकलत थेट गाडीपाशी जायची. गाडी बंद पडली त्याच आठवड्यात अत्तैंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती फळी उचलून मागच्या अंगणात नेली. नारळ रचायला.

“फळी, अत्तै?” मी विचारलं.

“गाडी नाही, तर फळी कशाला, कण्णू? जाता-येता माझ्या पायाला लागते.”

कण्णू म्हणजे डोळ्यासारखी लाडकी. त्या रागावल्या तरी हेच म्हणतात, त्यामुळे भांडताही येत नाही.

कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी गाडी ओढून नेली आणि तशीच परत आणून सोडली. “संगणक गेलाय. नवा टाकतो,” तिथला माणूस म्हणाला. “पण नवा या कड्याला ओळखणार नाही. हे सगळं आधी काढा, गाडी मूळची करा, मग आणा.”

मूळची गाडी म्हणजे पायांची गाडी. ती घेऊन मी काय करू?

आरोक्यराज अण्णा शर्यतींच्या मोसमात उत्तरेकडे गेलेले. फोन लागला तर इंजिनांच्या आवाजात एवढंच ऐकू यायचं, “येतो, अम्मा! कुणाला हात लावू देऊ नकोस!”

घरात मी उरले. हे सकाळी पंपाच्या कारखान्यात जायचे ते दिवेलागणीला यायचे. मी भाजी चिरायची, फुलं ओवायची, आणि खिडकीतून गाडीवर साचत जाणारी धूळ बघायची. गाडीच्या काचेवर एका मैनेनं मुक्काम ठोकला. मैना उडून जायची, परत यायची. मी तिच्याशी बोलायला लागले तेव्हा माझीच मला भीती वाटली.

“विकून टाकूया का?” एकदा जेवताना हे म्हणाले. “तुला कुठं जायचं असलं तर मी आहे की रविवारी.”

“रविवारी तुम्ही झोपता,” मी म्हटलं.

अत्तैंनी ताटात रसम वाढलं आणि या वेळी मला नावानं हाक मारली. “पूंगोडी, मला बोलायचं नव्हतं, पण आयुधपूजेच्या दुसऱ्याच दिवशी गाडी बसते, याचा अर्थ काय? देवाची खूण आहे ती. त्याला तुझी काळजी. घरी बस म्हणतो.”

न मानणारीला उत्तर सोपं गेलं असतं. मी मानणारी. त्या दिवसापासून देवापुढे दिवा लावताना माझा हात आखडायला लागला. तूच मला कोंडलंस का, एवढं विचारायचं होतं. तोंडातून रोजचं स्तोत्रच निघायचं.

आणि मरगदमला मी शब्द दिला होता. ती माझ्या शाळेतली. दोन वर्षांपूर्वी बसच्या अपघातात तिच्या कमरेखालचं सगळं बधिर झालं. तेव्हापासून ती किणत्तुकडवूच्या घरातून दवाखान्यापलीकडे कुठं गेलेली नाही. कार्तिकैच्या, दिव्यांच्या सणाच्या दिवशी मरुदमलैच्या डोंगरावर तुला मुरुगनाच्या दर्शनाला नेईन, असं मी म्हटलं होतं. तिचा फोन आला. गाडीचं तिनं विचारलंच नाही.

“फुलवालीला सांगून ठेवू का गं? त्या दिवशी फुलं महाग होतात.”

मी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मैना बसलेली होती.

“सांग,” मी म्हटलं.

आरोक्यराज अण्णा कार्तिकैच्या आदल्या दिवशी उगवले. उक्कडमच्या बाजारातून असाच एक जुना डबा शोधून आणला होता. “हा फक्त देह आहे,” ते म्हणाले. “आत्मा तुझ्या जुन्या डब्यातून काढून यात घालायचा. जुना थोडा वेळ जरी जागा झाला तरी पुरे. नाहीच झाला तर मात्र महिनाभर पुन्हा सगळं शिकवत बसावं लागेल.”

त्यांनी सीट काढून ओसरीवर ठेवली आणि खाली वाकले. अत्तै दाराशी उभ्या होत्या, कंबरेवर हात ठेवून.

“पाणी गेलंय,” अण्णा आतूनच बोलले. “पाऊस तर सीटखाली पडत नाही. कुठून आलं ते कळल्याशिवाय मी नवा बसवणार नाही, सांगून ठेवतो. परत मरेल.”

डबा बाहेर आला. त्यांनी जोडणीचं टोक उपसलं. पितळी पिनांवर हिरवट थर चढलेला, आणि त्यावर काहीतरी पांढरं-पिवळं, वाळून तडकलेलं. त्यांनी ते नखानं खरवडून नाकाशी नेलं.

“अम्मा, हे तर चंदन!”

मला सगळं दिसलं. आयुधपूजेला अत्तै घरातल्या कामाच्या प्रत्येक वस्तूला चंदन-कुंकू लावतात. विळीला, शिवणयंत्राला, ओल्या पिठाच्या घरघंटीला, आणि मग वर तांब्यातलं तीर्थ शिंपडतात. यंदा गाडीचीही पूजा त्यांनीच केली, मी तेव्हा आत पायसम ढवळत होते.

“देवाची कृपा झालीय,” अण्णा हसले, “पण थेट पिनांवर! कुणाचा एवढा जीव होता या डब्यावर?”

मी मान खाली घातली. बोलले तर सुटले असते. पण ती सुटका अत्तैंच्या पूजेच्या तांब्यावर पाय ठेवून मिळाली असती.

“मी ओतलं,” अत्तै म्हणाल्या. “ही एकटी जाते. सगळी गाडी या डब्यावर चालते, असं हिनंच सांगितलेलं. म्हटलं, याला जरा जास्त घालावं.” मग, अगदी हळू, “म्हणजे देवानं नव्हतं थांबवलं.”

अण्णांचं हसू मावळलं. “मनाला लावून घेऊ नका, अम्मा. आमच्या फादरनी माझ्या नव्या गाडीवर एवढं पवित्र पाणी शिंपडलं, की हॉर्न बसला. वाजेचना! चर्चमधून घरी येईपर्यंत मी खिडकीतून ओरडत आलो.”

अत्तै हसल्या नाहीत. आत गेल्या.

अण्णांनी ब्रशनं पिना घासल्या, एक तुटलेली तार डाग देऊन जोडली, लॅपटॉप लावला. जुना डबा जागा झाला, पुन्हा मेला. पुन्हा तार, पुन्हा डाग. मी ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणत होते. “मोठ्यानं म्हण,” अण्णा म्हणाले, “मलाही जरा उपयोग होईल.” मी म्हणाले. तिसऱ्यांदा डबा जागा राहिला, आणि त्यातलं सगळं नव्यात उतरलं.

नवा डबा त्यांनी उंचावर, डॅशबोर्डच्या आत बसवला. जाताना म्हणाले, “चंदन बाहेर लावा. बॉनेटवर. हवं तेवढं.”

रात्री अत्तैंनी आम्हाला वाढलं आणि स्वतः स्वयंपाकघरातच जेवल्या.

पहाटे मी दिवा लावला. हात आखडला नाही. फुलांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्ची दाराकडे वळवली, आणि आठवलं की फळी मागच्या अंगणात, नारळांखाली. यांना उठवावं म्हणून मी वळणार, तोच बाहेर लाकूड दगडावर टेकल्याचा आवाज झाला.

फळी उंबऱ्यावर होती. धुतलेली, अजून ओली. अंगणात नारळ इकडेतिकडे घरंगळलेले, आणि अत्तै पदरानं हात पुसत होत्या. गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवलेली. बॉनेटवर चंदनाचा एक टिळा, बोटाएवढाच.

“मरगदमला वर ऊन लागेल,” त्या म्हणाल्या. “माझी छत्री मागच्या सीटवर टाकलीय.”

मी फळीवरून उतरले, आसनावर सरकले, त्यांनी खुर्ची घडी करून मागे ठेवली. किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला.

तो विझेपर्यंत मी आतून आणि अत्तै बाहेर खिडकीशी उभ्या राहून, आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग मी कडं हलकेच दाबलं, चाकांखाली लिंबं फुटली, आणि गाडी वाळूच्या वाटेनं किणत्तुकडवूकडे निघाली.