गुंगीबाईंचा प्रश्न

गुंगीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. अडतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरात माणसांना भूल दिली, आणि निवृत्त झाल्यावर ज्या मंडळात जाऊन बसल्या तिथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी हे नाव चिकटवून टाकलं. त्यांनाही ते आवडलं. "निदान खरं तरी आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या एंजलसारखं नाही."

कारण असल्या मंडळींना जग एंजल इन्व्हेस्टर म्हणतं. आता या नऊजणींत कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला जिना चढताना दम लागत होता, आणि एकीचा तर आवाज असा की खालच्या मजल्यावरचा माणूस दचकावा. कसल्या एंजल घेऊन बसलात! पण काम मात्र मोलाचं करत होत्या. एखादी बाई नवा धंदा काढायला निघाली की बँक तिला दारात उभं करत नाही आणि नातेवाईक घड्याळाकडे बघायला लागतात. अशा बाईला या नऊजणी स्वतःच्या साठवणीतून पैसे देत आणि बदल्यात धंद्यात छोटासा हिस्सा घेत. चालला धंदा तर सगळ्यांचंच भलं. बुडाला तर पैसेही बुडाले, त्यासाठी कुणी तिच्या दारात जाऊन बसायचं नाही, असा नियम होता.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी बैठक भरायची. मंडळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यावर एक खोली होती, तिथे. एक लांब टेबल आणि नऊ खुर्च्या, त्यांतल्या दोन सारख्या शोधून सापडायच्या नाहीत. येणाऱ्या बाईने उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं, मग खुर्च्यांच्या ओळीने एकेकीने प्रश्न विचारायचे, मग तिने बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं. आत एकीनेही 'नाही' म्हटलं तरी गोष्ट तिथेच थांबायची. शेवटची खुर्ची गुंगीबाईंची. म्हणजे शेवटचा प्रश्नही त्यांचाच, आणि तो सगळ्यांना पाठ झाला होता.

"बरं, न जमलं तर?"

याचा त्यांना कोण अभिमान! त्या सांगायच्या, भूल देणाऱ्याचं काम पेशंटला झोपवायचं असतं असं लोकांना वाटतं. छे! झोपवेल कुणीही, उठवता आलं पाहिजे. म्हणून आधी सगळं विचारायचं. काल काय खाल्लंत, दात हलतो का, कसली अ‍ॅलर्जी, सोबत कोण आलंय, घरी कोण नेणार. अडतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरचा एकही माणूस झोपला तो उठला नाही असं झालं नव्हतं, आणि ते का, तर त्यांनी विचारलं होतं म्हणून. तेच त्या इथे विचारत. आजारी पडलात तर? घरी सांभाळायला कोण? निम्म्यात भागणार नाही का? अगदी पोटतिडकीने विचारत. या पोरींना ठेच लागू नये, एवढंच त्यांच्या मनात असायचं.

हातमोजेवाली पहिल्यांदा आली ती अशाच एका शनिवारी. तिशी ओलांडलेली, सडपातळ, बोलायला लागली की आगगाडी. खांद्याला हा एवढा मोठा झोळणा. आल्या आल्या तिने नऊजणींशी हात मिळवले आणि मग झोळण्यातून हातमोजे काढून प्रत्येकीच्या पुढ्यात एकेक जोड ठेवला. जाड कापडाचे, तळव्याला कातडी लावलेले, कारखान्यात कामाला वापरतात तसले.

"घालून बघा," ती म्हणाली.

गुंगीबाईंनी घातले आणि बोटं उघडून मिटून पाहिली. त्यांचा तळवा लहान, बोटं लांब. नोकरी लागली तेव्हा रुग्णालयात रबरी हातमोजे दोनच मापांचे यायचे, दोन्ही पुरुषांच्या हाताचे. शीर चाचपताना बोटाच्या टोकाशी रबराची सुरकुती यायची. मनगटाला चिकटपट्टी गुंडाळून त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. आणि या बाईने नुसता हात मिळवून माप ओळखलं होतं!

हातमोजेवालीचं म्हणणं सरळ होतं. कारखान्यात निम्म्या बायका, पण हातमोजे सगळे पुरुषांच्या हाताचे. मग बायका बोटांत कागदाचे बोळे भरतात, नाहीतर काढून ठेवतात आणि उघड्या हाताने काम करतात. तिला बायकांच्या हातांचे, नऊ मापांचे हातमोजे करायचे होते. त्यासाठी कापड कापायचे नऊ साचे आणि आठ मशीन. नोकरी तिने सोडली होती. एक जागा हेरली होती, मालक पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर जागा दुसऱ्याला, आणि तिने पुन्हा जुन्या साहेबापुढे जाऊन उभं राहायचं.

आठ खुर्च्यांचे प्रश्न झाले. आठही चेहरे खुललेले. मग शेवटची खुर्ची बोलली.

"न जमलं तर?"

हातमोजेवालीने जमेल तसं उत्तर दिलं. गुंगीबाईंचं समाधान होईना. "असं करा," त्या मायेने म्हणाल्या, "निम्म्यावर सुरुवात करा. घडी बसली की वाढवा हवं तेवढं. पुढच्या बैठकीला नवा कागद करून आणा, मी स्वतः हो म्हणेन."

"चालेल," हातमोजेवाली म्हणाली आणि मोजे झोळण्यात भरायला लागली. गुंगीबाईंचा जोड मात्र तिने परत घेतला नाही. "राहू द्या मॅडम, तुमच्याच हाताचा आहे."

आता मंडळाची आणखी एक पद्धत सांगायला हवी. मंडळात एक कोर्टवाल्या बाई होत्या. पस्तीस वर्षं कोर्टात लघुलेखिका. त्या बैठकीतला प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर, जसंच्या तसं, वहीत उतरवून घेत. कुणी खोकलं तर तेही लिहितील अशी बाई! वही सगळ्यांना उघडी होती, आणि अर्थातच कुणीही ती कधी उघडली नव्हती. त्या महिन्यात कोर्टवाल्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्यांनी वह्यांचा गठ्ठा गुंगीबाईंकडे पाठवून दिला. "या खेपेला तू लिही. कसं लिहायचं ते जुन्या वह्यांत बघून घे."

दुपारचं जेवण उरकून गुंगीबाई वह्या घेऊन बसल्या. नुसती पद्धत बघायची होती, पण वाचता वाचता गोडी लागली. सहा वर्षांतल्या सगळ्या पोरी एकेक करून समोर यायला लागल्या. ती खेळणी दुरुस्त करणारी, ती रोपवाटिकावाली, ती बहिऱ्या मुलांसाठी काहीतरी यंत्र करणारी, हुशार होती हो फार. आणि प्रत्येकीच्या पानाच्या तळाशी तीच ओळ. शेवटची खुर्ची : न जमलं तर?

एकदा वाचलं, हसल्या. पाचदा वाचलं, चष्मा पुसला. मग पेन्सिल घेऊन खुणाच करत गेल्या. सदतीस बायका, आणि सदतीस वेळा 'न जमलं तर'. त्यांतल्या एकवीसजणींना 'निम्म्यात करा'. यंत्रवाल्या पोरीने निम्म्यात केलं होतं. निम्म्यात ते यंत्र अर्धवटच झालं, आणि ती आता कुठल्याशा दुकानात गल्ल्यावर बसते हे गुंगीबाईंना ठाऊक होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, बघा, बरं झालं निम्मेच गेले.

आणि मग ते एक पान आलं. बहीणभाऊ मिळून आले होते. धंदा बहिणीचा, पण बहिणीचा घसा बसला म्हणून त्या दिवशी भाऊ बोलला होता. तळाशी लिहिलं होतं, शेवटची खुर्ची : हे तुम्ही कुठवर नेणार?

गुंगीबाईंनी वही मिटली, परत उघडली. ओळ तिथेच होती. त्यांनी तडक कोर्टवाल्या बाईंना फोन लावला.

"मी असं विचारलं? त्या मुलाला?"

"लिहिलंय ना मी?"

"तुझी काहीतरी गफलत झाली असेल."

"अगं बाई," पलीकडून शांत आवाज आला, "माझ्या लिहिण्यावर माणसं तुरुंगात गेलीत. एक शब्द इकडचा तिकडे करत नाही मी."

"मग सहा वर्षांत बोलली का नाहीस?"

"माझं काम लिहायचं. वाचायचं काम तुमचं होतं."

फोन ठेवला. गुंगीबाईंना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि ती लाज उतरेचना. चहा केला तो तसाच गार झाला. माणसाला उठवता यावं म्हणून जन्मभर प्रश्न विचारले आपण, आणि या धडधाकट, जाग्या पोरींना आपणच भूल देत आलो की काय! मोजे टेबलावर पडले होते. त्यांनी ते उगीच एकदा घातले आणि काढले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सहा तारखेला, हातमोजेवाली आली. झोळणा या वेळी लहान होता. कोर्टवाल्या बाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या आणि वही गुंगीबाईंच्या पुढ्यात होती. हातमोजेवालीने या वेळी हात मिळवले नाहीत. तिने टेबलाच्या मधोमध तीन ढीग ठेवले. लहान, मध्यम, मोठा.

"सांगितलं तसं निम्म्यात बसवलं आहे," ती म्हणाली. आज आगगाडी अगदी हळू चालली होती. "चार मशीन. साचे तीन."

गुंगीबाईंनी लहान ढिगातला एक मोजा उचलून घातला. तळव्याशी सैल. बोटांची टोकं कापडाला टेकलेली. तोच जुना मोजा! बाजारातल्यापेक्षा शिवण चांगली, एवढाच काय तो फरक. हे विकत घ्यायला कोण येणार? बोळेच भरायचे तर बायका आहेत त्यातच भरतील. नऊ मापं हाच तर सगळा धंदा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या गोड बोलण्याने कापून काढला होता.

आठ खुर्च्यांनी फारसं विचारलं नाही. विचारायचं काय, सगळं आखून दिल्यासारखंच झालं होतं. पाळी शेवटच्या खुर्चीवर आली. दातांच्या डॉक्टरीणबाई उठून चहाच्या कपांची आवराआवर करायला लागल्या, कारण प्रश्न काय येणार हे ठाऊकच होतं.

"बसा जरा," गुंगीबाई त्यांना म्हणाल्या. मग हातमोजेवालीकडे वळल्या. "मागच्या वेळी माझं चुकलं. निम्म्यात करा म्हणाले ते तुमच्या भल्यासाठी म्हणाले, पण चुकलंच. सदतीसजणींना तेच विचारलं मी. आता दुसरं विचारते. हे तुम्ही कुठवर नेणार?"

खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत होता. हातमोजेवाली टेबलावरच्या तीन ढिगांकडे बघत राहिली.

"मॅडम, हे मला कुणी विचारलंच नाही कधी," ती शेवटी म्हणाली.

"मी विचारतेय. सावकाश सांगा. आम्हाला घाई नाही."

"म्हणजे… नऊ साचे होते ते धरून सांगू?"

"नवाचा आकडा कुणी ठरवला?"

"मीच." ती ओशाळवाणं हसली. "खरं तर अकरा होते. तुमच्याकडे यायच्या आधी मीच दोन कमी केले. म्हटलं, जास्त वाटतील. एक अगदी लहान हाताचा, नुकत्याच कामाला लागलेल्या मुलींचा. तो फारसा खपणार नाही असं वाटलं."

"आणि दुसरा?"

तिने आपला डावा हात वर केला आणि मधली दोन बोटं तळव्यात दुमडून धरली.

"आईचा. काच कारखान्यात होती ती. मोजा सैल होता, तो रोलरमध्ये अडकला आणि दोन बोटं घेऊन गेला. तरी दुसऱ्या महिन्यात कामाला गेली. कुणाला सांगणार? मोजा तोच. आता त्याची दोन बोटं रिकामी लोंबायची, म्हणजे पुन्हा अडकायला मोकळी. मग ती मोज्याची बोटं दोऱ्याने बांधून घ्यायची. मी बांधून द्यायचे रोज सकाळी, शाळेत जायच्या आधी." "सगळ्यात पहिला साचा मी त्या हाताचा काढला होता. अशा बायका पुष्कळ आहेत मॅडम, मी मोजल्यात. पण तो साचा महाग पडतो. म्हणून यादीतून आधी तोच काढला."

रडायला येत होतं एकदोघींना, आणि त्या सरळ रडल्या. गुंगीबाईंच्या मनात आलं, आपण तिला निम्म्यात आणलं ते नंतर. ही तर इथे येण्याआधीच स्वतःच्या आईलाच यादीतून वगळून आली होती.

"आई आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. खाली उभी आहे, फाटकाशी. वर यायला लाजते."

"अगं, मग बोलाव की तिला!" गुंगीबाई पहिल्यांदाच तिला अगंतुगं करत म्हणाल्या. "आणि बाहेरच्या बाकावर बसायची काही गरज नाही. कुणाला 'नाही' म्हणायचं असेल तर तिच्यासमोर म्हणू दे."

हातमोजेवाली जिन्याकडे धावली. काळ्या चष्म्यामागून कोर्टवाल्या बाई म्हणाल्या, "लिहितेस ना? एक शब्द गाळू नकोस."

गुंगीबाईंनी पेन उचललं. जिन्यावर दोघींची पावलं वाजायला लागली, एकीची भरभर आणि एकीची जपून. त्यांनी 'शेवटची खुर्ची' असं लिहून पुढे आपला प्रश्न लिहिला, आणि त्याखाली, साचे : अकरा.